कोबेहून आलेली तीन पत्रे

अमळनेर, पूर्व खानदेश
२२ जून १९५२

श्री. लीलाधरराव यांस,

मायन्यापाशीच माझा अर्धा तास गेला. पंचवीस वर्षे मी पोरांना पत्रलेखन शिकवतो. वडीलधाऱ्यांना काय लिहावे, बरोबरीच्यांना काय, धाकट्यांना काय, सगळे फळ्यावर मांडून देतो. पण ज्याची उत्तरक्रिया आपण आपल्या हाताने केली, त्याला पत्र लिहायचे तर सुरुवात कशी करावी, हे आमच्या क्रमिक पुस्तकात नाही. ‘कैलासवासी’ शास्त्राला धरून झाले असते, पण कोबेचा पोस्टमन ते पाकीट घेऊन कुठल्या दिशेला गेला असता? म्हणून नुसते ‘श्री.’

होय, इकडे तुम्ही वारलेले आहात. १९४६ च्या वैशाखात. धुळ्याचे रुपचंदशेठ युद्ध संपल्यावर कोबेहून परतले. त्यांनी सांगितले की ज्या गल्लीत लीलाधर बेटावदकर राहत होते ती विमानांच्या आगीत उभीच्या उभी जळाली, माणूस वाचला नाही. तुमचे शेवटचे पत्र एक्केचाळीसच्या श्रावणातले. देह तर मिळणार नव्हता. तेव्हा मी पालाशविधी सांगितला आणि मीच केला. पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ मोजून त्यांचा माणूस रचतात, लोकरीच्या दोऱ्याने बांधतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. नारळ तुम्हाला शोभला होता. पाठशाळेत असताना गुरुजींचेही तुमच्या डोक्याबद्दल साधारण हेच मत होते.

माझ्या बहिणीने, म्हणजे तुमच्या पत्नीने, कुंदाने, त्या दिवशी कुंकू पुसले. आई म्हणत होती, ‘अजून एक दिवाळी वाट पाहू.’ मी तिला शास्त्र समजावले. माझ्याजवळ तेव्हा शास्त्र पुष्कळ होते.

आता तुमचे पत्र आले. टोकियोत ९ जूनला भारत आणि जपान यांचा तह झाला, तुमची कापूस कंपनी पुन्हा हिंदुस्थानात खरेदी सुरू करणार, वगैरे तुम्ही उत्साहाने लिहिता. आणि चौथ्या परिच्छेदात, जणू रुईचा भाव कळवावा तसे कळवता की तिकडे तुम्ही लग्न केले आहे आणि मुलगी नुकतीच एक वर्षाची झाली. लीलाधरराव, तुमचा परिच्छेद पाडण्याचा हात चांगला आहे. बाकीबद्दल मी काय लिहावे? अग्नीसमोर माझ्या बहिणीचा हात तुमच्या हातात दिला तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

तरी कडवटपणा नको. तहाचा मजकूर मी वर्तमानपत्रात वाचला. दोन्ही देशांत कायमची शांती आणि मैत्री राहील, आणि युद्धातल्या नुकसानभरपाईवरचा हक्क भारताने सोडून दिला आहे. देशाने एवढे मोठे मन केले, तर मी काय करावे? मीही कुंदाच्या वतीने सगळी नुकसानभरपाई सोडतो. तिने तुम्हाला माफ केले आहे असे समजा.

आधीच्या दोन पत्रांना उत्तर का आले नाही, असे विचारता. त्या दिवसांतला पोस्टाचा कारभार तुम्हाला ठाऊकच आहे.

कुंदा धुळ्याला मुलींच्या शाळेत शिकवते. प्रकृती ठीक. लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही.

गिरधर


अमळनेर
३० नोव्हेंबर १९५२

लीलाधरराव,

‘शास्त्रीबुवा, मेलेला माणूस परत आला तर तुमच्या शास्त्रात काय सोय आहे?’ हा तुमचा प्रश्न थट्टेचा आहे हे मला कळते, पण उत्तर थट्टेचे नाही. सोय आहे. अशा माणसाला तुपाने भरलेल्या मोठ्या भांड्यात बुडवून बाहेर काढावे. तो नव्याने जन्मला असे मानून जातकर्मापासून मुंजीपर्यंतचे सगळे संस्कार पुन्हा करावेत. आणि मग त्याने आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावावे. तुमच्या अंगाचा घेर रुपचंदशेठांनी सांगितला तेवढाच राहिला असेल तर दीड मण तूप लागेल. अमळनेरात आज खरे तूप मिळवणे कठीण. वनस्पती तूप हवे तेवढे, कारखाना गावातच आहे. त्यातून काढलेला माणूस कितपत जन्मला असे धरावे, याबद्दल शास्त्रकार बोललेले नाहीत. आणि मधल्या काळात मृताने दुसरे बिऱ्हाड थाटले असेल तर काय, इतका पुढचा विचारही त्यांनी केला नव्हता.

व्यापाराचे विचारता म्हणून सांगतो. तुमचे साहेब ज्या जाड्याभरड्या, आखूड धाग्याच्या कापसासाठी पूर्वी जळगावात तळ ठोकून बसत, तो कापूस आता शोधून सापडत नाही. जामनेरपासून चोपड्यापर्यंत सगळीकडे जरीला वाण झाला, आता विरनार येतो आहे. धागा लांब, पांढराशुभ्र. आमचे शेतकरी खूष आहेत. तुमच्या कंपनीने पंधरा वर्षांपूर्वीचा नमुना काखेत मारून येऊ नये, एवढे कळवा. मैत्री झाली म्हणून माल थांबून राहत नाही.

तुम्ही पुन्हा लिहिता की कुंदाच्या हातची एक ओळ पाठवा, शिवी असली तरी चालेल. सध्या तिच्या शाळेची तपासणी चालू आहे. दिवाळीतही ती दमलेली दिसली.

एक गोष्ट मात्र दुरुस्त करतो. मागच्या पत्रात मी पोस्टाला बोल लावला. अमळनेरचा पोस्टमन मोतीलाल माझा विद्यार्थी आहे. इतका नेमका माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुमचे पहिले पत्र १९४८ च्या जानेवारीत त्याने माझ्या हातात दिले. दुसरे एकोणपन्नासच्या ऑगस्टात. दोन्ही मिळाली होती. ‘तिने एक ओळ लिहिली तर मिळेल त्या बोटीने निघतो,’ हे वाक्य पहिल्या पत्रात डाव्या बाजूला, खालून तिसऱ्या ओळीत आहे.

आज एवढेच लिहितो.

गिरधर


अमळनेर
१० ऑक्टोबर १९५३

लीलाधरराव,

दहा महिने मी गप्प होतो. तुमची चार पत्रे आली. चारही प्रामाणिकपणे मिळाली.

शेवटच्या पत्रात तुम्ही दोनच वाक्ये लिहिली आहेत. फेब्रुवारीत कंपनीचे दोन खरेदीदार घेऊन जळगावला येतो आणि तिथून थेट धुळ्याला जातो, हे एक. दुसरे: ‘पत्रे तुम्हाला मिळाली, पण कुंदाने वाचली का?’

नाही.

तिने एकही वाचलेले नाही. तुम्ही जिवंत आहात हे तिला माहीत नाही.

आता कारणे. तुम्ही मागितलेली नाहीत, तरी देतो. आयुष्यभर दुसऱ्यांकडून कारणे लिहून घेतली आहेत. सत्तेचाळीसच्या जूनमध्ये तिला धुळ्याला शिक्षिकांच्या ट्रेनिंगमध्ये जागा मिळाली. विधवांसाठी राखलेली जागा होती. सहा महिन्यांनी तुमचे पत्र आले. मार्चमध्ये तिची परीक्षा. मी म्हटले, परीक्षा होऊ दे. मास्तराच्या डोक्यात दुसरे काय येणार? परीक्षा झाली, ती पहिली आली. मग म्हटले, नोकरी लागू दे. मग, कायम होऊ दे. मग आई आजारी पडली. प्रत्येक वेळी कारण खरे होते, आणि प्रत्येक वेळी मला आतून बरे वाटत होते की अजून एक कारण आहे.

कारण त्या सगळ्यांच्या खाली एक होते. आई थांब म्हणत होती आणि मी तिला गप्प केले होते. सगळ्या गल्लीसमोर तीनशे साठ देठ मोजले होते. ज्याला मी मंत्रांनी मारले तो डाव्या बाजूला, खालून तिसऱ्या ओळीत जिवंत निघाला, हे सांगायला मला तोंड नव्हते.

याहून वाईट सांगतो. दर पितृपक्षात कुंदा धुळ्याहून येते आणि तुमचे श्राद्ध करवते. तुम्हाला आवडायची म्हणून अळूची भाजी करते. अठ्ठेचाळीसपासून परवाच्या पंधरवड्यापर्यंत सहा वेळा, तुम्ही जिवंत आहात हे ठाऊक असताना, मी तुमचे नाव आणि गोत्र उच्चारून पिंड ठेवला. कावळा दर वेळी लगेच शिवला. कुंदाला समाधान वाटे. कावळ्यांना पोस्टातली बातमी नसते.

आणि गेल्या वर्षी मी तुम्हाला अग्नीची आठवण करून दिली. तुम्ही एका ओळीची दोन-अडीच वर्षे वाट पाहिली, मग पन्नास साली लग्न केले. ती ओळ माझ्या पेटीत अडकली होती. तुमचे तिकडचे घर मी बांधले आहे, लीलाधरराव. निदान पाया तरी माझा.

तिच्या वतीने नुकसानभरपाई सोडली, असे मी लिहिले होते. ते मागे घेतो. जिचे नुकसान तिला न विचारता ते सोडणारा मी कोण? देशांचे देश जाणोत.

एक विनंती. दिवाळीत भाऊबीजेला मी धुळ्याला जाणार आहे. तेव्हा सांगतो. तोवर, आणि ती बोलावीपर्यंत, तुम्ही धुळ्याला जाऊ नका. विनंती करण्याचा हक्क मला उरला आहे असे नाही.

गिरधर


धुळे
९ नोव्हेंबर १९५३

लीलाधरराव,

काल सांगितले. आज सकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. जसे झाले तसेच लिहीन, नाहीतर माझा हात पुन्हा सारवासारव करू लागेल.

कुंदा गल्ली नंबर पाचमध्ये माडीवर राहते. घरमालकीण तानुबाई खालीच दळण निवडत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “मास्तर, यंदा बहीणले काय लयनात?” मी पिशवी छातीशी धरली. पिशवीत खणाचे कापड होते आणि तुमची पत्रे होती.

वर कुंदाने पाट मांडला होता, तबकात निरांजन लावले होते. विधवा बहिणीने ओवाळावे की नाही याची चर्चा आमच्याकडे कधी झाली नाही; तेवढा शहाणपणा माझ्याकडून झाला आहे. मी पाटावर न बसता पत्रे काढली. म्हणालो, “कुंदे, आधी हे वाच.”

तिने अक्षर ओळखले. भिंतीला टेकून बसली आणि तारखेप्रमाणे लावून वाचू लागली. वह्या तपासतात तशी. मध्येच एकदा चष्मा पुसला.

पहिले संपल्यावर म्हणाली, “याचं उत्तर?”

“नाही दिलं.”

दुसऱ्यानंतर, “याचं?”

“नाही.”

तिसरे, तुमच्या लग्नाचे, तिने दोनदा वाचले. “याचं?”

“दिलं.”

“काय लिहिलंस?”

“तू त्यांना माफ केलंस म्हणून.”

“मी? कधी केलं?” तिने विचारले. “तारीख सांग भाऊ, लक्षात ठेवते.”

खालून तानुबाईंच्या सुपाचा आवाज येत होता.

“परीक्षेसाठी लपवलंस?”

“आधी परीक्षेसाठी.”

“आणि मी पहिली आले, तेव्हा तू पेढे वाटलेस.”

“हो.”

“श्राद्धाला मी अळूची भाजी करत होते. खात कोण होतं?”

“मी,” मी म्हणालो. “आणि कावळा.”

तिला हसू येईल असे मला क्षणभर वाटले. आले नाही. ती पहिल्या पत्राच्या घडीवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, “अडीच वर्षं. तो माणूस रोज पोस्टमनकडे पाहत असेल. मला वाटायचं, ते गेले तेव्हा त्यांच्याजवळ कुणी नव्हतं, याच्याएवढं वाईट काही नाही. हे त्याहून वाईट आहे. ते होते, आणि मी गप्प बसले आहे असं त्यांना वाटत होतं.”

लीलाधरराव, मी तयारी करून गेलो होतो. रडेल, बोलेल, पत्रे फाडेल, सगळ्याला माझ्याजवळ उत्तर होते. ती तुमच्यासाठी वाईट वाटून घेईल, याला उत्तर नव्हते.

“मुलगी केवढी आहे?” तिने विचारले.

“अडीच वर्षांची असेल.”

“नाव?”

मला माहीत नव्हते.

“तेही विचारलं नाहीस,” ती म्हणाली. “विचार.”

मग तिने मला जेवायला वाढले. स्वतः बसली नाही. निरांजन तबकात जळत होते ते तूप संपून आपोआप गेले. तिने ते उचललेही नाही आणि माझ्यापुढे धरलेही नाही. निघताना मी विचारले, फेब्रुवारीत ते येणार आहेत, काय कळवू? म्हणाली, “त्यांना म्हणावं, या. व्यापार करा. माझं मी ठरवून सांगेन. तू काही ठरवू नको.”

तेव्हा मुलीचे नाव कळवा.

गिरधर


अमळनेर
२१ फेब्रुवारी १९५४

लीलाधरराव,

मुंबईहून बोट सुटण्यापूर्वी तुम्ही लिहिलेले पत्र मिळाले. आठ दिवस जळगावात दर सकाळी दाढी करून बसत होतो, असे तुम्ही लिहिता. कंपनीने गाठी घेतल्या, तुमच्या साहेबांना सरकी काढण्याच्या जिनमध्ये हार घातले, दोन देशांच्या जुन्या मैत्रीवर भाषणे झाली. वर्तमानपत्रात तुमचाही फोटो आहे. डावीकडून तिसरे, हार नीट करताना. विरनार त्यांना पसंत पडला याचा आनंद आहे. आणि शेवटी विचारता: ‘ती का आली नाही?’

ती आली होती.

तिचे कार्ड मला ६ तारखेला मिळाले. ‘सोमवारी सकाळी जळगावच्या एस.टी. स्टँडवर ये.’ बाकी काही नाही. ती धुळ्याच्या गाडीने आली. नेहमीचे पांढरे लुगडे, शाळेची छत्री. मी म्हणालो, “आता कुंकू लावायला हरकत नाही, कुंदे.” म्हणाली, “वर्गात पोरी विचारतील, बाई, मालक काय करतात? काय सांगू? कापूस घ्यायला आलेत म्हणून?” तिची जीभ आमच्या घराण्याचीच आहे, हे मी विसरलो होतो.

आम्ही जिनपर्यंत चालत गेलो. फाटकावर झुलाल नावाचा पारोळ्याकडचा पहारेकरी होता. आत, कापसाच्या ढिगापाशी, तुम्ही उभे होता. टोपी काढून बगलेत धरलेली, केस पिकलेले, बाह्यांना रुई चिकटलेली. दोन्ही अंगठ्यांत बोंडाचा पुंजका धरून धागा ओढून दाखवत होता. ती ढब जुनीच. मग तुमच्यातल्या बुटक्या साहेबाने काहीतरी म्हटले आणि तुम्ही मान मागे टाकून मोठ्याने हसलात.

झुलालने विचारले, “बाई, कोणले भेटनं शे? सायबले बलावू का?”

“नही भाऊ, ऱ्हाऊ द्या,” कुंदा म्हणाली.

एक गाडी रिकामी होईपर्यंत ती फाटकाच्या सावलीत उभी होती. तुम्ही एकदा आमच्या बाजूला पाहिलेतही. मध्ये बैल होते. मी पुढे पाऊल टाकले तेव्हा तिने माझी बाही धरली. जोराने नाही. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा मी थांबलो आणि दुसऱ्या कुणाला ठरवू दिले.

परत स्टँडवर आल्यावर आम्ही चहा घेतला. बशी हातात तशीच धरून ती म्हणाली, “हे असे हसत नव्हते, नाही?”

“नाही.”

“पाच वर्षं संसार केला. मला एकदाही हसवता आलं नाही. तिकडं कुणीतरी शिकवलं.”

मी म्हणालो, आत जायला हवे होते. तीन महिने तू ठरवत होतीस, बोलायचे ते बोलून घ्यायचे.

“मी समोर गेले असते तर ते हसू तिथंच थांबलं असतं, भाऊ. आणि मग बोटीवर, घरी, त्या पोरीसमोर, कुठंच पुन्हा आलं नसतं. जिवंत पाहायचे होते, पाहिले.” बशी खाली ठेवून म्हणाली, “रुपचंदशेठांनी सांगितलं तेव्हा मी रडले होते, ते फुकट गेलं म्हणून वाईट वाटत नाही. पण ज्याच्यासाठी रडले तो हा माणूस नव्हे. हा मी ओळखत नाही. ओळखायची संधी होती अठ्ठेचाळीस साली.”

ही शिक्षा होती की नुसती माहिती, हे मी अजून ठरवू शकलो नाही. तिने तिकीट स्वतःचे स्वतः काढले. गाडीत बायकांच्या बाकावर जाऊन बसली. पुढच्या भाऊबीजेला ये म्हणाली नाही. येऊ नको असेही म्हणाली नाही. पितृपक्षाचे मी विचारले नाही, तिने काढले नाही.

तुमच्या मुलीचे नाव मी तिला सांगितले. तिने ते हळूच दोनदा म्हणून पाहिले.

गाडी सुटण्याआधी मी खिडकीशी जाऊन विचारले, “ते विचारतील, का आली नाही. काय लिहू?”

“खरं लिही,” ती म्हणाली. “आणि माझा पत्ता दे. मी उत्तर देईन की नाही, ते माझं मी बघेन. तू आता मधे राहू नको.”

म्हणून यानंतर माझ्याकडे पत्र पाठवू नका. आले तर मोतीलालला न फोडता परत द्यायला सांगेन. राग नाही, लीलाधरराव. तुम्हाला लिहिताना मला पाठशाळेतल्यासारखे वाटत असे, आणि ते आता सुटेल याचे वाईट वाटते. माफी मी मागत नाही. ती द्यायची की नाही हे तुम्हा दोघांना निरनिराळे ठरवावे लागेल, आणि घाई नको.

पत्ता स्पष्ट अक्षरात लिहितो:

कुंदाबाई बेटावदकर,
तानुबाईंचे घर, माडीवर,
गल्ली नंबर पाच,
धुळे, पश्चिम खानदेश.